ड तुकडी, तळमजला

मोठमोठ्या लोकांनी आमच्या शाळेचं भलं करायचं ठरवलं, तेव्हा मी तिथे केमिस्ट्री शिकवत होते. शिकागोच्या पश्चिम भागातलं सरकारी हायस्कूल, तीन मजली, लाल विटांचं, बाहेरून एखाद्या कोर्टासारखं दिसणारं. मुलं बहुतेक काळी, उरलेली मेक्सिकन, आणि शिकवणाऱ्यांत नागपूरची मी एकटी. शाळा बुडत होती हे खरं आहे, त्यात मी खोटं बोलणार नाही. नववीत भरभरून मुलं यायची आणि बारावीचे फोटो काढायची वेळ आली की फोटोग्राफरला दोनच रांगा पुरायच्या. बुडत्या शाळेला वाचवायला कोणीतरी पोहता येणारं येईल असं मला वाटलं होतं. आला तो सल्लागार.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा शिक्षकांना जिममध्ये गोल करून बसवलं होतं. हा माणूस पूर्वेकडच्या कुठल्याशा विद्यापीठातून विमानाने यायचा आणि तिसऱ्या प्रहरी विमानाने जायचा. पायात मोज्यांशिवाय बूट, हातात चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या. शाळेत त्याने किती वर्षं शिकवलं असं मी विचारलं, तर म्हणाला, आपण भूतकाळात अडकायला नको. मग आम्हाला म्हणाला, डोळे मिटा, तुमच्या स्वप्नातली शाळा बघा आणि जे दिसेल ते एका शब्दात चिठ्ठीवर लिहा. मी डोळे मिटले तर मला लॅबमधला गळका नळ दिसला. मी आल्यापासून तो गळत होता. मी 'नळ' लिहिलं. त्याने चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि मान डोलावली. "फार सुंदर. ऊर्जा वाया जातेय, असंच ना?" मी म्हटलं, "पाणी वाया जातंय." त्याने चिठ्ठी भिंतीवर लावली. नळ पुढेही गळतच राहिला.

तर कल्पना अशी की एका मोठ्या शाळेच्या चार छोट्या शाळा करायच्या. प्रत्येकीचा मजला वेगळा, शिक्षक वेगळे, डायरेक्टर वेगळा, गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीचा रंगही वेगळा. मोठ्या शाळेत मूल हरवतं, छोट्या शाळेत त्याला सगळे नावाने ओळखतात. ऐकायला वाईट नव्हतं, उलट पहिल्यांदा ऐकताना मलाही पटलं होतं. मग तो म्हणाला, "आणि लक्षात ठेवा, चारही शाळा अगदी सारख्या असतील." तिथे माझं डोकं फिरलं. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

नागपूरला आमच्या शाळेत अ, ब, क, ड अशा तुकड्या होत्या. मार्कांवरून पाडलेल्या, असं सांगायचे. पण मार्क कितीही पडोत, आमच्या वस्तीतली झाडून सगळी पोरं ड मध्ये. ड ची बाकं मोडकी, ड ला विज्ञानाचे सर अर्ध्या वर्षानंतर मिळायचे आणि पाहुणे आले की ड ला मैदानावर कवायतीला पाठवायचे. माझे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. एक दिवस पांढरा शर्ट इस्त्री करून ते मला घेऊन हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तर खुर्चीतून न उठता म्हणाले, "अहो, तुकड्या सगळ्या सारख्याच असतात." बाबा म्हणाले, "सारख्याच हायेत न साहेब? मंग पोरीले अ मध्ये टाका. तुम्हाले काय फरक पडते?" हेडमास्तरांनी खाली बघत अ च्या हजेरीपटावर माझं नाव लिहिलं आणि मी अ तुकडीत गेले. माझी एम.एस्सी. त्या खोलीत सुरू झाली.

म्हणून जिममध्ये मी हात वर केला आणि विचारलं, "यातली ड तुकडी कोणती?" इंग्रजीतच विचारलं, पण 'तुकडी'ला मला इंग्रजी शब्द सापडेना, तो तसाच तोंडातून निघाला. बाकीचे शिक्षक हसले. सल्लागाराचे डोळे मात्र चमकले. तुकडी म्हणजे काय? मी म्हटलं, मोठ्या शाळेचे छोटे भाग करतात, त्यातला एक. ड म्हणजे शेवटचा. शेवटचं वाक्य त्याने ऐकलंच नाही. उठून पांढऱ्या कागदावर मोठ्या रोमन अक्षरांत त्याने 'तुकडी' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "पूर्वेकडच्या संस्कृतींना हे हजारो वर्षांपासून माहीत आहे." आमच्याकडे बावळटाला भैताड म्हणतात तो हाच, असं मी मनात म्हटलं आणि बसले.

ड तुकडी कोणती ते कळायला फार दिवस लागले नाहीत. आईबापांनी एका संध्याकाळी शाळेत यायचं आणि मुलाची पसंती सांगायची, असा नियम. सायन्स-टेक्नॉलॉजीची शाळा तिसऱ्या मजल्यावर, कारण लॅब तिथे. दुसऱ्यावर कला, पहिल्यावर बिझनेस. आणि तळमजल्यावर, जिम आणि कॅन्टीनच्या मधल्या खोल्यांत, 'नेतृत्व आणि समाज'. ज्यांच्या घरचं कोणी त्या संध्याकाळी आलं नाही, ती सगळी मुलं नेतृत्वाला. कोणाची आई संध्याकाळच्या पाळीला, कोणाला आईच नाही, कोणाचा पत्ता बदललेला. या पोरांनी आता समाजाचं नेतृत्व करायचं होतं, कॅन्टीनमधल्या तळणाच्या वासात बसून.

त्यांच्यात एक पोरगी होती. दहावीत ती माझ्याकडे जनरल सायन्सला होती. उंच, शांत, आणि एखादी गोष्ट पटली नाही की पटेपर्यंत वर्गातून न जाणारी. ती आजीजवळ राहायची. आजीचा पाय मधुमेहाने गेलेला, आणि तिची जखम धुणं, पट्टी बदलणं, इंजेक्शन देणं हे सगळं हीच करायची. आजीला डायलिसिसला नेण्यात ती पसंतीची संध्याकाळ गेली. तिला नर्स व्हायचं होतं. शहरातल्या नर्सिंग कॉलेजात प्रवेशाला हायस्कूलची एक वर्षाची केमिस्ट्री लागते, हे मीच तिला सांगितलं होतं, आणि ती अकरावीची वाट बघत होती.

शाळा उघडली त्या आठवड्यात ती माझ्या लॅबच्या दाराशी आली. मागोमाग जिन्यातला गार्ड. तिच्या गळ्यात तपकिरी पट्टी, आणि तिसऱ्या मजल्याची पट्टी निळी. "मिस, माझी केमिस्ट्री कुठे आहे?" तिने विचारलं. गार्डने बिचाऱ्याने नुसता जिन्याकडे हात केला. तळमजल्याच्या शाळेत केमिस्ट्री नव्हतीच. मुलांनी सगळे विषय आपल्याच शाळेत घ्यायचे, एकमेकांच्या मजल्यावर जायचं नाही, नाहीतर 'छोटी शाळा' ही भावना तयार होत नाही. भावना तयार व्हावी म्हणून एका इमारतीत पोरगी खाली आणि केमिस्ट्री वर.

मी तळमजल्याच्या डायरेक्टरकडे गेले. हा आधी बास्केटबॉलचा कोच होता, मनाने वाईट नव्हता, पण सल्लागाराच्या तोंडची भाषा त्याने नव्या कोटासारखी चढवली होती. मी म्हटलं, "चारही शाळा सारख्या आहेत ना? मग हिला तिसऱ्या मजल्यावर टाका. तुम्हाला काय फरक पडतो?" बाबांचं वाक्य शिकागोत चाललं नाही. तो म्हणाला, "एकीला सोडलं तर सगळेच मागतील." मी म्हटलं, "का मागतील? सारख्या आहेत ना?" तो हसला आणि घड्याळ बघायला लागला. हेडमास्तरांना निदान लाज वाटली होती.

मग मी म्हटलं, ती वर येत नसेल तर मी खाली येते. तसा अर्ज मी करणार म्हटल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी मला वेड्यात काढलं. घरी नवऱ्याने जेवता जेवता चमचा खाली ठेवला. "अगं, लॅब सोडून कोणी कॅन्टीनशेजारी जातं का? थोडं प्रॅक्टिकल हो ना यार." तो स्वतः एका फार्मा कंपनीच्या लॅबमध्ये होता, त्याच्या टेबलावरचा काटा मिलिग्रॅमपर्यंत मोजायचा. त्याला मी काय सांगणार? एप्रिलमधल्या जयंतीला आम्ही आपली माणसं दरवर्षी एका चर्चचा हॉल भाड्याने घेऊन जमतो. पुढे त्या वर्षी तिथे मिशिगनहून गाडी हाकत आलेले एक काका भेटले, गाड्यांच्या कंपनीत मोठे इंजिनिअर. मला म्हणाले, "तुला सबर्बमधली चांगली शाळा मिळाली नाही का? तुझ्या शाळेतली पोरं शिकणारी नाहीत ग." बाहेर फोटोला हार, आत स्टेजवर शिक्षणावर भाषण, आणि हातात गुलाबजामची वाटी घेऊन हे वाक्य. काकांची स्वतःची तुकडी शाळेत कोणती होती ते मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांना तसं विचारलं आणि त्या दिवसापासून त्यांनी मला फोन केला नाही. बरं झालं, माझा रविवार सुटला.

अर्ज मंजूर झाला आणि मी खाली आले. तळमजल्यावर ना गॅस, ना सिंक, ना बाटल्या. वरून काही आणायचं नाही, कारण सामान वरच्या शाळेच्या मालकीचं. मी शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्यावर गेले. किराणा दुकानातून हळद घेतली, पानवाल्याकडून चुना घेतला, लिंबं, व्हिनेगर, खायचा सोडा, प्लॅस्टिकचे ड्रॉपर. पानवाल्याने एवढा चुना बघून विचारलं, "बहनजी, घर में शादी है?" हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवले, झाला इंडिकेटर. आपल्याकडे हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो हे प्रत्येक बाईला माहीत असतं. त्या पोरांना ते जादूसारखं वाटलं, आणि जादू का होते ते शिकायला त्यांनी मोल, आयन, समीकरणं सगळं न कुरकुरता गिळलं. चुन्याची निवळी काढून तिच्याविरुद्ध व्हिनेगरचं टायट्रेशन आम्ही थेंब मोजून केलं. ती पोरगी थेंब सोडताना श्वास रोखून धरायची. तिचा रंग कधी एका थेंबानेही पुढे गेला नाही. इंजेक्शन देणारा हात होता तो. वर्षभर मी त्या खोलीत वरच्या मजल्याची सगळी केमिस्ट्री शिकवली, एक धडा न गाळता, आणि खरं सांगते, एवढी मजा मला त्या देशात शिकवताना कधी आली नाही.

पण मार्कशीटवर या विषयाला केमिस्ट्री म्हणायला कोणी तयार होईना. डायरेक्टर म्हणाला, नुसत्या विषयाची नावं ही कारखान्याच्या काळातली. आता नावं समाजाशी जोडलेली हवीत. मी म्हटलं, नाव काहीही जोडा, पण त्यात केमिस्ट्री हा शब्द पाहिजे. या पोरीचं कॉलेज त्या एका शब्दावर आहे. तो म्हणाला, सल्लागाराशी बोलतो. सल्लागार पुढच्या खेपेला आला तो नाव ठरवूनच. त्याला जिममधला माझा शब्द आठवला होता. 'तुकडी सायन्स'. आणि एवढ्यावर थांबला नाही. अख्ख्या तळमजल्याचंच नाव 'तुकडी' ठेवलं. दारावर पोस्टर लागलं: तुकडी, म्हणजे कुटुंब, एक प्राचीन भारतीय शब्द.

मी डायरेक्टरला गाठलं आणि स्पष्ट सांगितलं की याचा अर्थ कुटुंब नाही. याचा अर्थ भाग, तुकडा, आणि शाळेत हा शब्द कोणाला कुठे बसवायचं ते सांगायला वापरतात. तो म्हणाला, "शब्दाला आपण देऊ तो अर्थ. शिवाय शर्ट छापून झालेत." शर्ट हळदीसारखे पिवळे. पुढे छातीवर या सगळ्याला पैसे देणाऱ्या देणगीदारांचं चिन्ह, म्हणून 'तुकडी' मागे, पाठभर. पोरांना फुकट शर्ट मिळाले, ती खूश. जिममध्ये एकमेकांना 'तुकडी, तुकडी' ओरडायला लागली. वरच्या मजल्याची पोरंही त्यांना जिन्यातून तेच ओरडायची, पण त्यांचा सूर वेगळा असायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या शब्दातून बाहेर काढायला माझ्या बापाने शर्ट इस्त्री केला होता, आणि इथे तो शर्टावर छापून वाटला होता.

वसंतात देणगीदार शाळा बघायला आले. वर्गाच्या वतीने कोणी बोलायचं? ती पोरगी. डायरेक्टरने तिला चार वाक्यं पाठ करायला दिली होती, कुटुंब, आपुलकी, वगैरे. पाहुणे छोट्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. ती पिवळा शर्ट घालून पुढे उभी राहिली आणि पाठ केलेलं काहीच बोलली नाही. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवला. लाल. व्हिनेगरचा थेंब टाकला. पिवळा. मग म्हणाली, "याला केमिस्ट्री म्हणतात. आम्ही वर्षभर हेच केलं. माझ्या मार्कशीटवर याला केमिस्ट्री म्हणत नाहीत. मला नर्सिंगला जायचंय, आणि तिथे तो शब्द लागतो. तुम्ही तेवढा शब्द लिहायला सांगा."

मला वाटलं, जमलं. मग एका बाईंनी डोळे पुसले, आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या थांबेचनात. सल्लागार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "हे बघा, मुलांना आवाज मिळालाय." मी म्हटलं, "तिने आवाज नाही मागितला. शब्द मागितलाय." तो माझा हात दाबून पुढच्या पाहुण्याकडे गेला. महिन्याभरात गुळगुळीत कागदाची पुस्तिका आली. तिच्या पहिल्या पानावर ही पोरगी, हातात लाल कागद, खाली 'विद्यार्थ्यांचा आवाज'. काय म्हणाली ते कुठेच नव्हतं. इतक्या निगरगट्ट माणसांशी मी त्याआधी बोलले नव्हते, आणि मी भारतातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये बरीच उभी राहिलेली बाई आहे.

पुढच्या वर्षी तिने नर्सिंगला अर्ज केला. कॉलेजातून मला फोन आला. बाई सभ्य होत्या. त्यांनी विचारलं, हे 'तुकडी सायन्स' काय आहे? मी म्हटलं, केमिस्ट्री. वर्षभराची, पूर्ण. सगळे धडे सांगते, हवं तर पोरीची परीक्षा घ्या. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास आहे हो. पण तसं लिहिलेलं नाही." मी शाळेचं पत्र पाठवते म्हटलं. डायरेक्टर तोवर दुसऱ्या जिल्ह्यात बढतीवर गेला होता आणि नव्या डायरेक्टरने सांगितलं की जुन्या नावांना हात लावता येत नाही. पोरीला प्रवेश मिळाला नाही. कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री पुन्हा पहिल्यापासून करा आणि मग या, असं उत्तर आलं. त्याच हिवाळ्यात आजी गेली. जिच्या जखमा धुवायला ही नर्स होणार होती, तिने हिला नर्स झालेलं बघितलं नाही.

सल्लागार पुढे दुसऱ्या शहरात गेला, तिथली शाळा कापायला. आमच्याकडे नवा प्रिन्सिपल आला, त्याच्या मते मुलं छोट्या शाळांत कोंडली जातात. म्हणून चारही पुन्हा एक केल्या, पट्ट्या गोळा केल्या, दारावरचं पोस्टर काढलं. ते 'प्राचीन भारतीय' पोस्टर मी कचऱ्याच्या डब्यात स्वतः दाबून बसवलं.

त्यानंतर एका शनिवारी तिचा फोन आला. ती दिवसा वृद्धाश्रमात काम करायची आणि संध्याकाळी कॉलेजात केमिस्ट्री. पहिलं प्रॅक्टिकल लिटमसचं होतं. "मिस, इथे कागद विकत मिळतो," ती हसून म्हणाली. "मी त्यांना म्हटलं, मी बनवू शकते." वर्गात तिलाच सगळं येत होतं, कारण तिने ते सगळं आधी केलेलंच होतं. मग ती म्हणाली, "एक विचारू? घर आवरताना तो पिवळा शर्ट सापडला. तुकडी म्हणजे खरंच कुटुंब?"

तिला तरी आता खोटं सांगायचं नव्हतं. मी सांगितलं, नाही. अ, ब, क, ड, माझी शाळा, बाबांचा शर्ट, हेडमास्तर, सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, नेहमीसारखी, पटेपर्यंत.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली. "पाठीवर छापलं होतं ना, मिस. घालणाऱ्याला ते कधी दिसायचंच नाही. मागे उभे असायचे तेच वाचायचे."